आमिश समाज आणि बालकांची लस

अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना इत्यादि राज्यांत आमिश नांवाचा ख्रिस्ती पंथ आहे. घोडागाडी, साधा पोशाख, शेती आणि मुलाबाळांनीं भरलेलें घर हा त्यांचा जीवनक्रम. यंत्रयुगापासून बुद्ध्या दूर राहणारे हे लोक मुलांस लस टोंचणेंही धर्माज्ञेनें वर्ज्य मानीत असतील, असा पुष्कळांचा समज असतो. तो यथार्थ नव्हे. त्यांच्या धर्मांत लशीचा निषेध नाहीं. निर्णय आईबापांचा असतो. कित्येक आईबाप मुलांस लस देतात; जे देत नाहींत, त्यांस बहुधा अपायाची धास्ती वाटते.

परंतु रोगास कुंपण कोठलें? १९७९ सालीं हॉलंडमधील पोलिओ कॅनडामार्गें आमिश वस्त्यांत शिरला व कांहींना पंगुत्व आलें. पुढें २०१४ सालीं फिलिपाईन्समधील वादळग्रस्तांच्या साहाय्यार्थ गेलेले, लस न घेतलेले दोन आमिश पुरुष ओहायोंत परतले, ते गोवर घेऊनच. परोपकाराच्या वाटेनें रोग घरीं यावा, हा केवढा दैवदुर्विलास! ३८३ जणांस गोवर झाला. त्यांपैकीं बहुतेकांनीं लस घेतलेली नव्हती.

तेव्हां रुग्णांस घरींच वेगळें ठेवण्यांत आलें आणि विनामूल्य लस देण्याची सोय झाली. १०,००० हून अधिक लोकांनीं ती टोंचून घेतली. परिणामीं तेथील सुमारें ३२,००० आमिशांपैकीं शेंकडा एकाच्या आसपास लोकांसच रोग जडला.

वाचकहो, ज्यास आपण धर्माचा हट्ट म्हणतों, तें पुष्कळदां निव्वळ भय असतें. आणि भयावर उपहासाची मात्रा चालत नाहीं. तें समजुतीच्या शब्दानेंच निवारतें.