चालू सर्व्हरखालून सिस्टीम बदलताना

सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली की ती सांभाळणाऱ्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, आहे त्यावरच अपग्रेड करा. दुसरा म्हणतो, डिस्क पुसा आणि नव्यानं इन्स्टॉल करा. डेबियन लिनक्सवाले बहुधा पहिल्या तटात असतात, कारण एका आवृत्तीवरून लगेच पुढच्या आवृत्तीवर जाण्याची वाट त्या प्रकल्पानं निगुतीनं राखली आहे. माझा कौल मात्र क्लीन इन्स्टॉललाच. आणि तरीही मला सगळ्यात आवडणारा किस्सा अपग्रेडचा आहे.

गूगलच्या हजारो सर्व्हरवर एके काळी रेड हॅट लिनक्स ७.१ होती, म्हणजे २००१ सालची, वर थरांवर थर पॅच चढवलेली. प्रत्येक यंत्रावर मूळ सिस्टीमची एकच प्रत, फाईल-फाईल ताडून सिंक केलेली. अ‍ॅप्लिकेशन्स वेगळ्या पार्टिशनवर. ही जुनाट सिस्टीम काढून तिच्यापेक्षा दहा वर्षांनी नवी, डेबियनवर बेतलेली आणायची होती. सगळं एकदम बदलणं शक्य नव्हतं, आणि निम्मी यंत्रं जुनी, निम्मी नवी अशी महिनोन्‌महिने ठेवली असती, तर प्रोग्राम कुठल्या यंत्रावर का अडला, हे शोधताना सगळ्यांचे हाल झाले असते.

मग त्यांनी डेबियन टेस्टिंगमधली पॅकेजं सोर्सपासून पुन्हा बिल्ड केली, त्यांना आरपीएमचं, म्हणजे रेड हॅटच्या पॅकेजचं, रूप दिलं आणि एकेक करत जुन्या प्रतीतच सरकवली. राहत्या घराची एकेक वीट बदलावी तसं. नको ते काढतही गेले. मॉनिटर नसलेल्या यंत्रांवर एक्स सर्व्हर आणि फाँट कशाला हवेत? सगळ्यात अवघड होतं जीलिबसी २.२.२ वरून २.३.६ वर नेणं, कारण जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम त्याच लायब्ररीवर उभा असतो. शेवटी डेबियनच्या प्रतीवर जाण्याची वेळ आली तेव्हा आतला बराचसा माल आधीच नवा झालेला होता. गूगलमधल्या मार्क मर्लिन यांनी ही हकिकत सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या लीसा परिषदेत २०१३ मध्ये मांडली.

हे साधलं ते एका शिस्तीमुळे. कुणी एखाद्या सर्व्हरवर हातानं फाईल बदलली, तर पुढच्या सिंकमध्ये तो बदल पुसला जाई. यंत्राच्या पोटात गुपित उरतच नव्हतं.

आपल्याकडच्या सर्व्हरच्या पोटात मात्र गुपितंच फार. नेटवर्क कार्डाचंच घ्या. डेबियन ९ नव्यानं इन्स्टॉल केलं की कार्डाला ‘ईएनपी३एस०’ असलं नाव मिळू लागलं. अपग्रेड होत आलेल्या सर्व्हरवर जुनं ‘ईथ०’ टिकून राहिलं, एका जुन्या नियमफाईलच्या जोरावर. डेबियन १० नं त्या फाईलचा अधिकृत आधार काढून घेतला. फायरवॉलचे नियम ‘ईथ०’ वर लिहिलेले, सर्व्हर दुसऱ्या शहरात, आणि रीबूटनंतर एसएसएच लागत नाही: हा प्रसंग ज्यानं रात्री दोन वाजता काढला आहे, तो अपग्रेडला हात घालण्याआधी कन्सोलची सोय बघतो.

म्हणून मी शेजारी नवा सर्व्हर उभा करतो आणि जुना काही आठवडे बंद करून ठेवतो, पुसत नाही. सामान हलवताना सगळे ‘ईटीसी’ फोल्डर आठवणीनं उचलतात, डेटाबेस उचलतात. हटकून मागे राहतात ते क्रॉनटॅब. युजरांचे क्रॉनटॅब ‘ईटीसी’त नसतातच, ते ‘व्हार’खालच्या ‘स्पूल’मध्ये असतात, आणि रात्रीचा बॅकअप बहुधा त्यांतल्याच एखाद्या ओळीवर चाललेला असतो.