पंप दमदार, पण तवंग किती जाड?

समुद्रात सांडलेलं तेल किती उपसता येईल, हे पंपावर छापलेल्या आकड्यावरून ठरवणं म्हणजे मोटेचा आकार बघून विहिरीतलं पाणी मोजणं. २० मीटर रुंद तोंडाचा तरंगता बांध ओढत बोट सेकंदाला अर्धा मीटर वेगानं चालली, तर सेकंदाला १० चौरस मीटर पृष्ठभाग झाडला जातो. तवंग ०.१ मिलिमीटर जाड असेल, तर हाती लागतं सेकंदाला जेमतेम एक लिटर, म्हणजे तासाला ३,६०० लिटर. मग पंप तासाला लाख लिटरचा असून उपयोग काय? बरं, वेग वाढवावा, तर तेल बांधाखालून निसटतं.

अमेरिकी नियमांत पंपाच्या क्षमतेचे २० टक्केच धरतात, मग अडचण कुठे, असं कुणी विचारेल. अडचण टक्केवारी ठरीव असण्यातच आहे. तवंग पसरून विरळ होतो, लाटांनी तेलात पाणी घुसळलं जाऊन ते फुगतं, रात्री दाट पट्टे सापडत नाहीत. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन दुर्घटनेत सुमारे ४९ लाख बॅरल तेल बाहेर पडलं. सरकारी अंदाजानुसार पृष्ठभागावरून उपसलं गेलं अवघं ३ टक्के. म्हणून हिशेब पंपापासून नव्हे, तवंगाच्या जाडीपासून सुरू व्हायला हवा.