सोवळे आणि पावित्र्य : टिळक दांपत्याचे नवजीवन

रायपूरजवळच्या उरल्याहून नागपूरकडे निघाले की वाटेत राजनांदगाव लागते. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला येताना नारायण वामन टिळकांना (१८६१–१९१९) आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने बायबलची प्रत दिली. पुढे गिरिप्रवचनाने (मत्तय ५–७) त्यांच्या मनाचा ठाव घेतला आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ऑगस्टिनच्या आत्मनिवेदनापासून पाश्चात्त्य धर्मांतरकथेत अशा निर्णायक क्षणाला मध्यवर्ती स्थान मिळाले आहे. मात्र करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (४:१६) पौल अंतर्यामीच्या नवीकरणाला ‘दैनंदिन’ मानतो. या दैनंदिनतेचे मराठीतील प्रत्ययकारी चित्र लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) या आत्मचरित्रात आढळते.

दीर्घ ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, तरी काही काळ त्यांनी सोवळे-ओवळे पाळले. जातिभेद मनुष्यनिर्मित आहे, हे मनाला पटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास प्रारंभ केला, बाप्तिस्मा त्यानंतरचा. येथे ‘पवित्र’ या शब्दाचाच अर्थपालट होतो. सोवळ्यातील पावित्र्य अंतर राखून टिकते. लक्ष्मीबाईंना गवसलेले पावित्र्य जवळ येऊ देण्यातून सिद्ध होते. त्याची कसोटी प्रार्थनामंदिराआधी स्वयंपाकघरात लागते. निराधार मुलांना टिळकांच्या घरात मिळालेला आसरा हा त्याच साधनेचा विस्तार होय.

या साधनेला मराठी रूप देण्यात भक्तिपरंपरेचा वाटा मोठा आहे. आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची धारणा होती. संतांच्या नित्य नामस्मरणाची शिस्त त्यांच्या ख्रिस्तभक्तिपर अभंगांत सहज मिसळली. ख्रिस्ती झाल्यानंतरही त्यांचे नवीकरण थांबले नाही. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते.

धर्मांतराच्या वाङ्मयाचा तौलनिक विचार करताना केवळ निर्णायक क्षण शोधल्यास लक्ष्मीबाईंचा प्रवास पतीच्या प्रवासाची छाया ठरतो. पाण्याचा घडा आणि जेवणाची पंगत यांनाही अध्यात्माचे पुरावे मानले, तर तो स्वतंत्र आणि कदाचित अधिक मूलगामी दिसतो. आगगाडीतील भेट क्षणभराची होती. नवे मन मात्र रोजच्या व्यवहारातच घडत गेले.