टायटॅनियमवर वाढणाऱ्या नळ्या
टायटॅनियमचा चकचकीत पत्रा वीजपुरवठ्याच्या धन टोकाला जोडायचा, ऋण टोकाला प्लॅटिनम आणि दोन्ही इथिलीन ग्लायकॉलमध्ये बुडवायचे. त्यात थोडं पाणी, चिमूटभर अमोनियम फ्लोराइड. ५०-६० व्होल्ट दिले की पत्र्यावर ऑक्साइड चढतं. फ्लोराइड तेच जागोजागी कुरतडतं. या ओढाताणीतून सुमारे १०० नॅनोमीटर व्यासाच्या उभ्या नळ्या दाटीने वाढतात.

मग ४५० अंश सेल्सिअसची भट्टी. तिथे ऑक्साइड स्फटिकरूप घेतं.

१९७२मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी याच ऑक्साइडवर, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडवर, प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं. नळ्यांमुळे पाण्याला भिडणारा पृष्ठभाग कैक पटींनी वाढतो. अडचण एकच: हे ऑक्साइड अतिनील किरणच शोषतं आणि उन्हात ते जेमतेम ५ टक्के. म्हणून दृश्य प्रकाश टिपणाऱ्या लोह ऑक्साइडचे सच्छिद्र थरही याच रीतीने वाढवले जातात.