बाझलचा पगार, ल्योराखचं लोणी

गेल्या महिन्यात वडोदऱ्याहून माझ्या आत्तेभावाचा फोन आला. एम. एस. युनिव्हर्सिटीतून रसायनशास्त्रात एम.एस्सी., मग चार वर्षं औषधांच्या कारखान्यातली नोकरी, आणि आता हातात दोन ऑफर. एक स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातली, दुसरी तिथून तासाभरावरची, पण जर्मनीतली. "ताई, तू तिथेच राहतेस. मला भाषण नको. दोन्ही आकडे पाठवतो, पैसे कुठे उरतील एवढंच सांग."

मी म्हटलं, सांगते. नंतर लिहायला बसले तर तीन रात्री गेल्या. म्हटलं, मग हे आपल्या अंकासाठीच लिहावं. आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुलं आज असेच दोन आकडे शेजारी ठेवून बसलेली असतील.

आम्ही २०१८ मध्ये बाझलला आलो. हे शहर ऱ्हाइन नदीवर, अगदी कोपऱ्यात आहे. एका बाजूला जर्मनी, दुसऱ्या बाजूला फ्रान्स. ८ नंबरची ट्रॅम सरळ जर्मनीतल्या वाइल गावात जाते, ३ नंबरची फ्रान्समध्ये. शहराच्या मधोमध एक रेल्वे स्टेशन आहे, ते स्विस जमिनीवर असूनही जर्मन रेल्वेचं. तिथून पुढे लोकल गाडीनं थोड्याच वेळात ल्योराख येतं. ल्योराखला माझी मावसबहीण राहते. ती इंदूरची, मी दांडिया बाजारातली. लहानपणी मे महिन्यात एकमेकींकडे जायचो, आता लोकलनं जातो.

सुरुवातीला माझा शनिवार ठरलेला असायचा. पाठीवर सॅक, हातात चाकांची पिशवी, आणि जर्मनीत किराणा. लोणी, दही, पीठ, साबण, डायपर, बहुतेक सगळंच तिकडे स्वस्त. मांस खाणाऱ्यांचा फायदा तर याहून मोठा. तूप कढवायला लागणारं लोणी बाझलमध्ये जवळपास दुप्पट भावानं मिळतं. एक फ्रँक म्हणजे तेव्हा साधारण सत्तर रुपये, आणि मी प्रत्येक गोष्टीला सत्तरानं गुणायचे. आई फोनवर विचारायची, "तिकडे कोथिंबिरीची जुडी कितीला?" मी सांगायचे, आणि पलीकडे शांतता. खंडेराव मार्केटमध्ये भाजीबरोबर फुकट कोथिंबीर मागणारी बाई ती!

त्यातही एक हिरवी चिठ्ठी असते. जर्मन दुकानात सामान घेतलं आणि ते देशाबाहेर नेलं, तर तिथला विक्रीकर परत मिळतो: किराण्यावर ७ टक्के, बाकी बऱ्याच वस्तूंवर १९. त्यासाठी बिल ५० युरोंच्या वर हवं. चिठ्ठीवर नाव-पत्ता लिहायचा, सीमेवर जर्मन कस्टमचा शिक्का घ्यायचा आणि पुढच्या वेळी दुकानात पैसे परत घ्यायचे. स्विस बाजूचे नियम वेगळे. माणशी १ किलो मांस, १ किलो लोणी. एकूण सामान पूर्वी माणशी ३०० फ्रँकांपर्यंत करमुक्त होतं, १ जानेवारी २०२५ पासून ती मर्यादा १५० वर आली.

एका डिसेंबरमध्ये मी त्या शिक्क्यासाठी पाऊण तास रांगेत उभी होते. बाहेर पाऊस, पिशवी जड. घरी येऊन हिशेब केला: साठ युरोंच्या किराण्यावर परत मिळणार होते चार युरोंहून थोडे कमी. ताई फोनवर इतकी हसली! म्हणाली, "अगं, तेवढ्यात माझ्याकडे येऊन चहा प्यायली असतीस." तिकिटाचे पैसे तर मी धरलेच नव्हते.

लोणी-साबणाच्या पलीकडचे मोठे खर्च मात्र पिशवीत घालून आणता येत नाहीत.

पहिला, आजारपणाचा विमा. जर्मनीत सरकारी विम्याचा हप्ता पगाराच्या टक्क्यांत कापला जातो, जवळजवळ अर्धा मालक भरतो, आणि कमाई नसलेली बायको व मुलं त्याच हप्त्यात येतात. स्वित्झर्लंडमध्ये घरातल्या प्रत्येक माणसाचा विमा वेगळा. तान्ह्या बाळाचासुद्धा, जन्मापासून तीन महिन्यांच्या आत काढायचा. हप्ता पगारावर ठरत नाही, आणि पगारातून कापलाही जात नाही. तो आपण नंतर भरायचा. बाझल हे त्यातही महागड्या कॅन्टनांपैकी एक. माझ्या एकटीचा हप्ता महिन्याला ४०० फ्रँकांच्या वर आहे. तोही कसा, तर वर्षाचे पहिले २५०० फ्रँक माझ्या खिशातून, ही अट पत्करून. ३०० ची अट घेतली तर हप्ता आणखी वाढतो. त्यामुळे पाठ दुखली की मी आधी विचार करते, हे दुखणं अडीच हजारांच्या आतलं की बाहेरचं? ताईला हा प्रश्न पडत नाही. तिला तज्ज्ञ डॉक्टरांची तारीख मात्र दोन-तीन महिन्यांनंतरची मिळते. मला बहुतेक वेळा त्याच आठवड्यात मिळाली आहे.

म्हणून आत्तेभावाला पहिलं सांगितलं: हातात येणाऱ्या पगाराचे दोन आकडे शेजारी ठेवू नकोस. जर्मन आकडा कर, विमा, निवृत्तीची कपात सगळं होऊन उरलेला असतो. स्विस आकड्यातून विमा अजून जायचा असतो.

दुसरा खर्च घराचा. आमच्या भाड्यात ताईला एक खोली आणि बाल्कनी जास्त मिळते. पण जर्मनीत भाड्याचं घर बरेचदा स्वयंपाकघराशिवाय मिळतं. म्हणजे खोली असते, नळाचा पाइप असतो. ओटा, शेगडी, कपाटं काहीच नाही. आधीचा भाडेकरू सगळं उचकटून घेऊन गेलेला असतो. ताईनं पहिले सहा आठवडे एका विजेच्या शेगडीवर, जमिनीवर बसून स्वयंपाक केला. बाझलमध्ये ओटा तयार मिळतो, पण कपडे धुण्याचं यंत्र तळघरात, सगळ्या इमारतीत एक, आणि वार वाटून दिलेले. आमचा वार बुधवार. तो चुकला की शेजारच्या आजी चिठ्ठी चिकटवतात. कचऱ्याची पिशवीही इथे विकत घ्यायची, शहराची ठरावीक निळी, आणि ती महाग असते, कारण कचरा उचलण्याचे पैसे त्यातच धरलेले असतात. ताई उलट रिकाम्या बाटल्या दुकानात परत देऊन प्रत्येकी २५ सेंट घेते. तिचा मुलगा त्यावर खाऊचे पैसे जमवतो.

आता जरा मनातलं लिहिते.

आमची मुलगी एप्रिल २०२० मध्ये झाली. आईचं मार्चअखेरचं तिकीट होतं. डिंक, सुंठ, जायफळ, बाळाची दुपटी, सगळं बांधून तयार होतं. मार्चमध्ये भारतातली आंतरराष्ट्रीय विमानं थांबली. म्हटलं, ताई आहे. मग त्याच महिन्यात स्वित्झर्लंड-जर्मनी सीमाही बंद झाली. ज्या सीमेवर मी कधी थांबून पाहिलंही नव्हतं, तिथल्या लहान रस्त्यांवर अडथळे आले. पलीकडे कोन्स्टान्झला तर दोन देशांमधल्या कुंपणापाशी लोक भेटायला यायचे, म्हणून अंतर राखायला दुसरं कुंपण घातलं होतं. किराण्यासाठी सीमा ओलांडणं बंद. बहिणीच्या बाळंतपणासाठीही ताईला येता येईना.

येता येत होतं ते नोकरीवर जाणाऱ्यांना. आमचे भाओजी रोज ल्योराखहून बाझलला प्रयोगशाळेत येणारे. त्यांच्याकडे सीमापार नोकरीचा परवाना होता, आणि त्यांचं काम घरून होण्यासारखं नव्हतं. ताईनं ल्योराखला अळिवाचे लाडू केले. अळीव तिला तिथल्या बाजारात सॅलडसाठी उगवायच्या बियांच्या पाकिटात मिळाले. तीच वनस्पती, नाव निराळं. स्टीलचा तो डबा भाओजींच्या जेवणाच्या पिशवीतून आमच्या दारापर्यंत आला. त्यांनी तो पायरीवर ठेवला, बेल वाजवली आणि फुटपाथवर जाऊन उभे राहिले. मी खिडकीतून बाळ दाखवलं. ताईनं तिला पहिल्यांदा हातात घेतलं ते जूनमध्ये. १५ जूनला सीमा उघडली आणि त्याच संध्याकाळी ती आली.

बाळंतपणाच्या खर्चाचं म्हणाल तर दोन्ही देशांत त्रास नाही. दवाखाना, घरी येणारी सुईण, सगळं विम्यात. फरक त्यानंतर सुरू होतो. मला १४ आठवड्यांची रजा मिळाली, ८० टक्के पगारावर. ताईला तिच्या मुलाच्या वेळी जर्मनीत रजेनंतर बाळाचं वर्ष होईपर्यंत सरकारकडून महिन्याला रक्कम मिळत होती, निव्वळ पगाराच्या सुमारे ६५ टक्के, कमाल १८०० युरो. मी साडेतीन महिन्यांच्या बाळाला पाळणाघरात सोडून रडत ट्रॅममध्ये बसले. तेव्हा पाळणाघराचे दिवसाला १०० फ्रँकांहून जास्त लागायचे. आठवड्यातून तीन दिवस ती जायची, आणि माझ्या अर्ध्या नोकरीच्या पगारातलं महिनाअखेर जे उरायचं ते सांगायला लाज वाटते. यांनी एकदा कागदावर हिशेब मांडून दाखवला, मी घरी बसले तर फार तर किती तोटा होईल याचा. कागद बरोबर होता. मी तो फाडला. नोकरी सोडली तर पाच वर्षांनी मला कोण घेईल, हा रकाना त्यात नव्हता.

पण ताईचंही सोपं गेलं नाही. जर्मनीत वर्षाच्या बाळाला पाळणाघरात जागा मिळणं २०१३ पासून कायद्यानं हक्काचं आहे, आणि फी आमच्यापेक्षा कितीतरी कमी. हक्क होता, जागा नव्हती. मुलगा तीन वर्षांचा होईपर्यंत तिला जागा मिळाली नाही, आणि तिची नोकरी सुटली ती सुटलीच. माझ्याकडे महाग पाळणाघर होतं, तिच्याकडे स्वस्त पाळणाघराची प्रतीक्षायादी. आम्ही दोघींनी यावर पुष्कळ वाद घातलेत, कुणाचं बरं झालं म्हणून. अजून निकाल नाही.

मध्यंतरी आम्हीही ल्योराखला राहायला जायचं ठरवत होतो. स्विस पगार, जर्मन खर्च, दोन्ही हातांत लाडू. एक घर पसंतही पडलं. तेव्हा नियम वाचले. आपल्यासारख्या युरोपबाहेरच्या पासपोर्टवाल्याला सीमेपलीकडे राहून स्वित्झर्लंडमध्ये नोकरी करायची तर आधी त्या शेजारच्या देशात कायम राहण्याचा हक्क हवा, आणि सीमाभागात किमान सहा महिन्यांचं वास्तव्य. भाओजी शिक्षणापासून जर्मनीत, त्यांना तो हक्क मिळालेला होता. आम्हाला नाही. शिवाय स्विस नागरिकत्वासाठी १० वर्षांचं वास्तव्य लागतं. देश सोडला असता तर मोजणी थांबली असती. जर्मनीत २०२४ च्या कायद्यानंतर तेच ५ वर्षांवर आलंय. भाओजींनाही वाटतं तितकं फुकट नाही. स्वित्झर्लंड त्यांच्या पगारातून ४.५ टक्के कर कापतं आणि बाकीचा कर जर्मनीला द्यावा लागतो. नोकरी गेली तर सीमापार परवान्याला अर्थ राहत नाही.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवते. केस कापायला मी ल्योराखला जायचे, निम्म्या पैशांत. एकदा बाझलमधल्या आमच्या गल्लीतल्या केस कापणाऱ्या बाईशी बोलणं झालं. ती याच शहरात राहते, याच शहराचं भाडं आणि हाच विमा भरते. २०२१ मध्ये इथल्या लोकांनी मत देऊन तासाला किमान २१ फ्रँक मजुरी ठरवली. तेव्हापासून मी तिच्याकडेच जाते. वर्षातून तीनदा, जास्त नाही; मी अजून वडोदऱ्याचीच आहे.

आत्तेभावाला हे सगळं लिहून पाठवलं. शेवटी सल्ला दिला: एकटा असशील आणि चार-पाच वर्षांत पैसे साठवून परत यायचं असेल, तर बाझल. इथे मूलबाळ, घर, पुढे नागरिकत्व असा विचार असेल, तर जर्मन ऑफर नीट बघ, आणि ज्या दिवशी सही करशील त्या दिवशी पाळणाघराच्या यादीतही नाव घाल, लग्न ठरलेलं नसलं तरी!

दोन दिवस उत्तर नाही. मग रात्री मेसेज आला: "ताई, वाचलं. एकच समजलं नाही. स्वयंपाकघर नसलेल्या घराचं भाडं लोक देतात कशाचं?"