पहिल्या घोटाची गोडी

सकाळच्या चहाचा पहिला घोट जिभेवर रेंगाळतो. आल्याचा तिखटपणा, कपाची ऊब, सारं जाणवतं. पाचव्या घोटाला नजर मोबाइलवर गेलेली असते आणि कप कधी रिकामा झाला तेही कळत नाही.

चहा तोच असतो. मेंदूचं लक्ष मात्र उडालेलं असतं. मेंदू वाड्याच्या राखणदारासारखा आहे: नवखा दिसला की सावध होतो, ओळखीच्या माणसासाठी मानही वर करत नाही. खोलीत शिरताना येणारा उदबत्तीचा वास थोड्या वेळाने येईनासा होतो, तसंच सुखाचं होतं.

मग राखणदाराला जागं कसं करायचं? एक वाट खंड पाडण्याची. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ डन यांनी सहकाऱ्यासह २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काहींनी आठवडाभर चॉकलेट सोडलं, तर काहींना भरपूर दिलं गेलं. आठवड्यानंतर चॉकलेटची खरी मजा आली ती सोडणाऱ्यांना! वर्षातले दोन-तीन महिनेच मिळणाऱ्या हापूसची गोडी का टिकते, हे कोकणात वेगळं सांगायला नको.

दुसरी वाट लक्ष देण्याची. मानसशास्त्रज्ञ फ्रेड ब्रायंट आणि जोसेफ व्हेरॉफ यांनी अशा लक्ष देऊन घेतलेल्या आस्वादाचा बारकाईने अभ्यास केला. त्यांच्या मांडणीतली एक गोष्ट फार मोलाची वाटते: आस्वाद चालू क्षणापुरता नसतो, तो आठवणीत असतो आणि वाट पाहण्यातही. गणपतीला गावी जायचं तिकीट हाती पडतं, तेव्हाच मुंबईतल्या चाकरमान्याला देवापुढची समई दिसू लागते.