भूत फार वेळ दिसलं की…

आमच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शेजाऱ्यांनी एकदा भाड्यानं व्हीसीआर आणला होता. त्या रात्री मी रामसे बंधूंचा १९८१ सालचा ‘हॉटेल’ पाहिला. कब्रस्तानाची जागा फसवून मिळवायची, तिथं हॉटेल बांधायचं आणि मग गाडलेले मुर्दे उठायचे, अशी ती गोष्ट. परतताना अंगण ओलांडायला मी आईला हाक मारली होती!

मोठेपणी तोच सिनेमा पुन्हा पाहिला आणि चक्क हसू आलं. असं का व्हावं?

रामसेंचा कारभार काटकसरीचा. सात भाऊ, कुणी दिग्दर्शन, कुणी कॅमेरा, कुणी ध्वनी सांभाळायचा. १९७२चा ‘दो गज जमीन के नीचे’ त्यांनी महाबळेश्वरच्या विश्रामगृहात मुक्काम ठोकून चित्रित केला. पण पैसा कमी, हा काही दोष नव्हे. अंधाराला आणि करकरणाऱ्या दाराला कितीसा खर्च येतो?

दोष वेगळेच आहेत. भूत उजेडात फार वेळ उभं राहतं, मग मुखवटा मुखवटाच वाटू लागतो. धक्क्याची वर्दी संगीत आधीच देतं. भीती चढू लागली की विनोद आडवा येतो. १९८४च्या ‘पुराना मंदिर’मध्ये तर ‘शोले’चं विडंबनच आहे.

खरं भय त्या गोष्टीतच होतं. मेलेल्यांचीही जागा लुबाडणारा माणूस भुताहून भयंकर. कॅमेरा मुखवट्याऐवजी त्याच्या चेहऱ्यावर थांबला असता, तर आजही मला अंगण ओलांडायला सोबत लागली असती.